रंभाबाईचा जित्ता नवरा

लंबी रोटी एकट्या बाईच्यानं होत नाही, हे आधी समजून घ्या. ज्याले एवढं समजत नाही त्यानं लोकाईले नागपूरचं खाणं दाखवत फिरू नये.

कणीक वस्त्रगाळ करा लागते. मीठ-पाणी टाकून सैल भिजवा लागते आन् मंग तासभर परातीत उचलून आपटा लागते. उचल, आपट. उचल, आपट. रबरासारखी ताणाले लागली का मंग बाईचं काम सुरू. ओल्या हातानं गोळा घ्याचा, दोन्ही हातावर कोपरापर्यंत झुलवाचा आन् चुलीवरच्या उलट्या मटक्यावर अलगद सोडाचा. आपटणारा मधातच थांबला त रोटी हातावरच फाटते.

नंदनवन वस्तीतल्या रंभाबाईच्या घरी हा आपटणारा म्हंजे तिचा नवरा भैयाजी. मालधक्क्यावर तीस वर्षं पोते उचललेला माणूस. साठी उलटली तरी दंड तसेच. लोक म्हणत, रंभाबाईची रोटी. भैयाजी म्हणे, "नाव तिचं, खांदे माहे."

लग्न असो का तेरवी, पंगतीत तिची रोटी. पण पंगतीतल्या माणसानं कधी मान वळवून विचारलं नाही, का बापा कोण्या बाईनं केली. ते एक तिच्या मनाले लागून होतं. म्हणून मागच्या हिवाळ्यात मनीषनगरचा ऋषिकेश दारात आला तवा तिनं लगेच हो म्हटलं. एका टूरवाल्या कंपनीचा पोट्टा. बाहेरगावचे, परदेशचे पाहुणे दिवसभर फिरवाचे: पहाटे जंगलाच्या कडेनं सायकली, मंग जुन्या महाल भागातल्या गल्ल्या, दुपारी चुलीवरचं जेवण.

"नागपूरले समुद्र नाही मावशी," तो म्हणाला, "आपल्याजवळ दाखवाले चवच आहे. लोक खास तुमाले पाहाले येतीन."

खास तिले पाहाले! रंभाबाई दोन दिवस तेच सांगत फिरली.

त्याच्या दोन-तीन अटी होत्या. साडी फिक्या रंगाची पायजे, धुरात चांगली दिसते. टिकली नको, चमकते. आन् काकानं आत बसाचं, फोटोत गर्दी होते.

"साडी नेसीन," रंभाबाई म्हणाली. "कुंकू निघत नाही. ते राहीन."

भैयाजी त हसला. "माहं पोट मावत नसंन गा फोटोत." परात घेऊन तो आतल्या खोलीत गेला. पडद्यामागं आपटाचा आन् कणीक तयार झाली का पडद्याखालून परात बाहेर सरकवाचा. त्याले वाटलं, शहराकडच्या लोकाईची अशीच रीत असंन. दोघाईले तसंच वाटलं. आपल्याकडे पाहुण्याच्या मर्जीपुढं घरचा माणूस मागं सरते, त्यात कोणी काही विचारत नाही. तिथंच ते फसले.

सहा रविवार झाले. पाहुणे येत, खाली चटईवर बसत, पाटवडीच्या रश्श्यात रोटी बुडवत. ऋषिकेश इंग्रजीत बोले. बोलता बोलता एखादी बाई डोळे पुसे. कोणी उठून रंभाबाईचा हात हातात घे. रोटी खाऊन माणूस रडते हे तिनं जन्मात पाह्यलं नव्हतं. तिले वाटलं, रस्सा तिखट होऊन राहिला. सातव्या रविवारी तिनं मिरची अर्धी केली.

त्याच रविवारी पोरगी नूपुर माहेरी आली होती. यवतमाळले शाळेत मास्तरीण. आईजवळ बसून ती पाटवड्या कापत होती आन् ऋषिकेशचं इंग्रजी तिच्या कानावर पडत होतं. तिचा सुरीचा हात थांबला.

"आई," ती हळूच म्हणाली, "हा का सांगून राहिला, तुले माहीत आहे का?"

"रोटीचं सांगते. दुसरं का सांगंन?"

"बाबाले मारलं त्यानं. दहा वर्षांमागं बाबा गेले म्हणते. तेव्हापासून तू एकटीच चुलीपुढं बसतं. कुंकू त्याईच्या आठवणीत लावतं."

पडद्यामागं धप, धप चालूच होतं.

"आन् त्या पाहुण्यानं विचारलं हा आवाज कशाचा, त म्हणते शेजारी कपडे धुऊन राहिले."

रंभाबाईच्या कोपरावर रोटी झुलत होती. ती तशीच फाटून चुलीपुढं पडली. पुढच्या चटईवर एक पांढऱ्या केसाची परदेशी बाई रुमालानं डोळे टिपत होती. रंभाबाईले सहाही रविवारचे रडके चेहरे आठवले. सहा वेळा तिच्या दारात, तिच्याच चुलीपुढं, जित्त्या माणसाची तेरवी झाली होती आन् तिनंच पंगत वाढली होती.

"अवो!" ती वरडली. "बाहेर या!"

भैयाजी आला. अंगात बनियान, कोपरापर्यंत कणीक. "का झालं वं? फोटो काढाचा का माहा?"

पाहुणे एकमेकाकडे पाहाले लागले. ऋषिकेश मधात आला. "मावशी, प्लीज. नंतर बोलू आपण."

"आत्ताच बोलाचं! ये मेरा आदमी है," तिनं पाहुण्याईले हिंदीत ठणकावलं. "मरा नहीं. जिंदा है. आटा येइच कूटता है."

ऋषिकेशचा चेहरा उतरला. "मावशी, समजून घ्या न. नुसती रोटी कोण पाहाले येते? लोकाईले स्टोरी लागते."

"माह्या नवऱ्याले मारल्याशिवाय माही रोटी तुह्या गिऱ्हाइकाच्या घशाखाली उतरत नाही का रे? तीस वर्षं पंगतीत उतरली न? तुह्या मायचं कुंकू घेऊन जा लोकाईपुढं, पाहतो मी तुही माय काय म्हणते ते!"

"अवं, जाऊ दे," भैयाजी म्हणाला. "मी मेलो नाही न?"

"तुमी गप राहा! मेलेल्यानं बोलाचं नसते."

नूपुरले त्यातही हसू फुटलं. ऋषिकेशले वाटलं, सुटलो. तो पाहुण्याईले उठवाले लागला, पण रंभाबाईनं हात आडवा केला. ताटावरून पाहुणा उठवणं तिच्या घरी होत नाही. तिनं भैयाजीले चुलीजवळ पाट दिला, परात पुढं ठेवली. "आपटा. सगळ्याईपुढं आपटा." आन् ऋषिकेशले म्हणाली, "आता तू खरं सांग. इंग्रजीत. माही पोरगी बसली आहे शब्द मोजाले."

सांगतलं त्यानं. मालधक्का सांगतला, पोते सांगतले. एका जागी अडखळला त नूपुरनं दुरुस्त केलं. पांढऱ्या केसाची बाई उठली, भैयाजीजवळ उकिडवी बसली आन् परातीत हात घालून आपटाले लागली. दोनदा आपटून दमली. त्या दिवशी कोणी रडलं नाही. खाल्लं मात्र दुप्पट, आन् कोणाले स्टोरी कमी पडली नाही.

पुढच्या रविवारी गाडी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मंग कंपनीच्या मोठ्या बाईचा, रीना मॅडमचा, फोन आला. बोलणं गोड.

"मावशी, पोराची चूक झाली. आम्ही त्याला समज दिली. तुम्ही परत सुरू करा."

"करतो न. नवरा माह्याजवळ बसंन."

"तेच म्हणत होते," मॅडम म्हणाली. "काका बसू देत. फक्त आजारी आहेत असं सांगितलं तर चालेल का? लकवा वगैरे. म्हणजे घर तुम्हीच चालवता, असं. मरण नाही सांगणार, शब्द देते."

रंभाबाईनं फोन दुसऱ्या कानाले लावला. मंग तिनं विचारलं, "बाई, तुमच्या घरी कोण कोण आहे?"

"माझे मिस्टर, सासूबाई, दोन मुलं. का हो?"

"त्याईच्यातला एक निवडा. त्याले लकवा लावा आन् तुमच्या दारात गाडी थांबवा. रोट्या मी फुकट पाठवतो."

फोन तिकडूनच बंद झाला.

भैयाजी परातीवर वाकला होता, पण कान इकडेच. "कोण होतं वं? का म्हणे?"

"तुमचे हात काहून थांबले?" रंभाबाई म्हणाली. "पाचशे माणसाचं लग्न आहे आज. आपटा."