विळा लावलेली तारीख

विळागुरुजींकडून कुठलीही गोष्ट सरळ लिहून घेणं म्हणजे डोक्याला ताप होता. जे स्वतः पाहिलं नाही, त्याच्यापुढे ते कंसात प्रश्नचिन्ह काढत. मोठं, वाकडं, विळ्यासारखं. म्हणून केदारखेड्यात त्या चिन्हाला विळा आणि आमच्या या हेडमास्तरांना विळागुरुजी म्हणत. "लग्नाला सहकुटुंब येतो (?)" असं त्यांचं पत्र आलं की यजमानानं करायचं काय? माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी एकदा 'घरी अभ्यास करतो (?)' असं लिहिलं आणि त्या विळ्यापायी मी वडिलांचा मार खाल्ला. अभ्यास मी खरंच करत होतो.

तेव्हा पोरांच्या जन्मतारखा आईबापांनाच ठाऊक नसत. आसपासच्या गावांतले मास्तर एक जून लिहून मोकळे होत. आमचे गुरुजीही एक जूनच लिहीत, पण पुढे विळा लावून. माझ्या आईनं "पोळ्याच्या आसपास झाला" एवढंच सांगितलं होतं, तेही त्यांनी शाळेच्या रजिस्टरच्या समासात टिपून ठेवलेलं.

१९८१ साली जालना जिल्हा झाला आणि नव्या कचेऱ्यांत भरती निघाली. मी बारावी झालो होतो, एक जूनच्या हिशेबानं अठरा पूर्ण होते. पण शाळेच्या रजिस्टरच्या उताऱ्यावरचा विळा बघून तिथल्या बाबूनं अर्ज परत केला आणि आठ दिवसांत स्वच्छ उतारा आणायला सांगितलं. मी तसाच गुरुजींकडे गेलो. एक विळा खोडायचा, शाईचा एक फराटा, बाकी काही नाही.

"मी पाह्यलं न्हाई तू कधी जन्मला ते," गुरुजी म्हणाले. "मंग खोडू कसा? थांब, चौकशी करतो."

ते सायकलवर माझ्या आजोळी गेले. तिथल्या म्हाताऱ्या सुईणीला गाठलं. ती म्हणाली, पोराच्या मामाचं लग्न झालं, त्यानंतरच्या पहिल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मग मामाच्या ट्रंकेतून लग्नपत्रिका काढून त्यांनी साल पक्कं केलं आणि त्या सालच्या पंचांगात पोळा शोधला. सातव्या दिवशी खूश होऊन परतले. तारीख मिळाली होती आणि तिच्यानुसार मला अठरा व्हायला तीन महिने कमी पडत होते.

मी अक्षरशः हात जोडले. माझी जागा जाईल, म्हणालो.

"जागा आणखी निघतील, बापू," ते म्हणाले. "तारीख एकच असती." आणि विळा खोडून खरी तारीख लिहिली.

जागा गेली. दोन वर्षांनी दुसरी मिळाली, पण तोवर मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. ते मात्र दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिळेल अशा बेतानं पोस्टकार्ड टाकत. "आज तुझा वाढदिवस. बिलकुल आजच." विळा नाही. कचेरीत माझ्याबरोबरचे सगळे एक जूनवाले. खरा वाढदिवस असलेला मी एकटाच. हे मला उमगायला फार वर्षं लागली आणि तोवर गुरुजी थकले होते.

शेवटच्या कार्डावर अक्षर हललेलं होतं. "पुढच्या पोळ्यालाही पत्र टाकीन (?)." मी चिडलोच. निदान इथं तरी सरळ लिहायचं की.

पुढच्या पोळ्यानंतर कार्ड आलं नाही. पोस्टमनला तीनदा विचारलं. शेवटी गावी फोन लावला, तर गुरुजी आषाढातच गेले होते.

जन्मभर मी त्यांचे विळे खोडायला सांगत आलो. शेवटच्या कार्डावरचा त्या फोननं खोडला गेला; हा एकच तसाच राहायला हवा होता.