पाचव्या ओव्हरचे तीन चेंडू

परवाच्या रविवारी सातपूरला आमच्या कॉलनीच्या मैदानावर फायनल होती. टेनिस बॉलची, सहा-सहा ओव्हरची. सकाळी आठपासून स्पीकर सुरू... आणि दर पाच मिनिटांनी माझ्या मुलाचं नाव. "कै. सागर स्मृती चषक!"

सागरला जाऊन आठ वर्षं झाली. याच स्पर्धेच्या फायनलच्या दिवशी, मैदानाबाहेरच्या रस्त्यावर, ट्रकनं... पुढचं लिहवत नाही. दुसऱ्या वर्षी पोरांनी स्पर्धेला त्याचं नाव दिलं. तेव्हापासून नारळ मी फोडते, चषकही माझ्याच हातून देतात. आमचे हे मात्र येत नाहीत. त्या दिवशी खिडक्या लावून घरात बसतात. नाव तरीही आत येतंच.

कॉमेंट्रीवाला त्याला 'धडाकेबाज फलंदाज' म्हणतो. मला हसू येतं. सागर कायमचा बारावा! पाणी न्यायचा, किट सांभाळायचा आणि स्कोअर लिहायचा. घरखर्चाची वही मी रोज लिहिते, त्याचं अक्षर माझ्यावर गेलं होतं... म्हणून स्कोअरबुक त्याच्याकडेच असायचं.

त्या दिवशी मी शेवभाजी केली होती. आमच्याकडे ती काही रोज होत नाही, तेल किती लागतं तिला! गरम आहे तोवर जेवून जा म्हणून फोन केला. "आई, फायनल आहे गं, संपली की येतो." अर्ध्या तासानं परत केला, त्यानं कट केला. तिसऱ्यांदा केला... तो अनोळखी माणसानं उचलला.

मी सारखी हाक मारली म्हणून तो मॅच सोडून घरी यायला उठला. आठ वर्षं हेच धरून बसले होते. कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. फक्त दर वर्षी गडावर जाऊन देवीला सांगायचे. त्या दिवसापासून शेवभाजी केली नाही, आणि घरात कुणाला जेवायला हाक मारली नाही. ताट वाढायचं, झाकायचं आणि गप्प बसायचं.

तर परवा... फायनल रंगात आली होती. पोरं शिट्ट्या मारत होती, ढोल वाजत होता. एकानं सोपा झेल सोडला तर मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हाताला तेल लावून आलाय का!" मीही हसले. तेवढ्यात सागरचा दोस्त योगेश आला. तेव्हाचा कॅप्टन, आता दोन लेकरांचा बाप. मला स्टेजमागे खुर्चीवर बसवलं.

"काकू, पुढच्या वर्षीपासून नाव बदलतंय. एक जण मोठा चषक देतोय, पण त्याला त्याच्या वडिलांचं नाव पाहिजे. आमच्या वेळचा मी एकटाच उरलोय... माझं कोण ऐकतं." मी म्हटलं, बरं.

मग त्यानं पिशवीतून एक जुनं स्कोअरबुक काढलं. "हे तुमच्याकडे असू द्या. त्या फायनलचं आहे." मी तिथंच उघडलं. सागरचं अक्षर... बारीक, सरळ, ओळीत.

शेवटच्या पानावर पाचव्या ओव्हरचे तीन चेंडू त्याच्या हातचे होते. टिंब, एक, सहा. चौथ्या चेंडूपासून अक्षर दुसऱ्याचं.

लिहायला घेतलेलं काम अर्धं टाकून उठणाऱ्यांतला तो नव्हता, ती सवयही माझीच. जेवायला जायचं असतं तर ओव्हर पुरी लिहून उठला असता. मी विचारलं, "योगेश, हा मधूनच का उठला रे?"

योगेशनं मान खाली घातली. "तो सिक्स मी मारला होता, काकू. बॉल मागच्या नाल्यात गेला, शेवटचाच होता. मीच ओरडलो, साग्या, पळ, दुकानातून घेऊन ये... गाडीची किल्लीही मीच फेकली."

"मग?"

"समोरच्या टीमकडे एक बॉल निघाला. आम्ही मॅच पुढे चालू केली. तो येईना म्हणून शिव्या घालत होतो त्याला."

"आणि माझा फोन?"

"फोन कट करून हसत होता. म्हणाला, आईनं शेवभाजी केलीय, जिंकलो की सगळे चला माझ्याकडे."

खरं लिहायचं तर मला आधी हलकं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण आधी हलकंच वाटलं. राग नंतर आला... आठ दिवाळ्या हा माझ्या घरी फराळ खाऊन गेला, आणि बोलला नाही! तो रडत म्हणाला, "तुम्ही दर वर्षी नारळ फोडायला यायच्या काकू, तोंड उघडलंच नाही माझं." मीही तर आठ वर्षं गप्पच होते.

शेवटच्या चेंडूवर कुणीतरी चौकार मारला. मैदान नुसतं नाचत होतं. मी स्टेजवर गेले, चषक दिला. स्पीकरवर सागरचं नाव शेवटचं ऐकलं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. माझे फोन, योगेशचा सिक्स, सगळं. हे उठले आणि खिडक्या उघडल्या.

योगेशला माफ केलं का, ते अजून माझं मलाच कळत नाही. संध्याकाळी देवीपुढे दिवा लावला, मागितलं काही नाही. सागरचे शेवटचे तीन चेंडू माझ्या हाती दिलेस, एवढंच म्हटलं.

मग दोन ताटं घेतली, आणि आठ वर्षांनी हाक मारली... "अहो, जेवायला चला."