चाडं कोण तपासणार

मोबाइल पाहून खरादीकाम शिकणाऱ्या हौशी लोकांची मला आधी चीड यायची. आता कीव येते. घरामागच्या पडवीत छोटं लेथ बसवतात, फिरत्या लाकडाला पटाशी लावतात, ती अडकून लाकूड उडालं की लाकडालाच शिव्या घालतात. त्याचा काय दोष? पटाशी कशी धरायची ते पडद्यावर दिसतं, पण तुमचा खांदा चुकतोय हे पडदा सांगत नाही. त्यासाठी पाठीमागं एक खेकसणारा माणूस उभा लागतो. तो माणूस व्हायचं मी म्हातारपणी मनावर घेतलं.

आमचं देऊळघाटचं घर खराद्याचं. अब्बा पाळण्याचे खांब करत, लाटणी करत, पण त्यांची खरी इज्जत चाड्यावर. चाडं म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या तिफणीवरची लाकडी वाटी. पेरताना बाई तिच्यात मुठीनं दाणे सोडत राहते आणि ते तीन भोकांतून, तीन नळ्यांतून, तीन तासांत, म्हणजे मातीतल्या तीन ओळींत पडतात. वाटीचा उतार जरा चुकला की एक तास दाट, दुसरं विरळ. चाडं चांगलं झालं, असं आमच्यात खरादी स्वतः कधी म्हणत नसे. नेणारा शेतकरीही म्हणत नसे. पेरणी व्हायची, कोंब वर यायचे आणि मग तो वाट वाकडी करून दुकानी यायचा. तिन्ही तासं सारखी उगवली असतील तर नुसता बसून चहा मागायचा. नसतील तर आमच्या सात पिढ्यांचा उद्धार. अब्बांना त्या मागून घेतलेल्या चहाइतकं प्यारं काही नव्हतं.

मग पाकिटातलं बीटी बियाणं आलं. ते इतकं महाग की मूठ भरून सोडायची कुणाची छाती होईना. कपाशीचं एकेक बी हातानं टोबायला लागले. सोयाबीन ट्रॅक्टरनं पेरलं जाऊ लागलं, ज्वारी तर गेलीच. चाडं घ्यायला शेवटचा माणूस कोण आला होता, मला आठवत नाही. तो शेवटचा आहे हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या साली तर पाळण्याचे खांबही दुकानात पडून राहिले. तेव्हा मी दारावर पाटी लावली, हौशी लोकांना लाकूडकाम शिकवले जाईल. येणारे-जाणारे पाटी वाचायचे, हसायचे आणि पुढं जायचे.

आले ते एकच. बुलढाण्यात कृषी केंद्र चालवणारे एक शेट. ज्या पाकिटांनी माझं चाडं बंद पाडलं, तीच पाकिटं विकणारे. मनात म्हटलं, वा रे नशीब. त्या साली लोक त्यांच्या दुकानात येऊन अळीच्या नावानं त्यांच्यावर ओरडायचे, आणि रविवारी इथं मी ओरडायचो.

"शेट, खांदा काऊन उचलता? लाकडाले भेवता काय?"

"ओरडा चाचा," ते म्हणायचे. "तुमचं ओरडणं बरं वाटते. त्याच्यात माही चूक तरी असते."

शेटनी घरी मोबाइल पाहून लावून घेतलेल्या सवयी मोडायलाच पावसाळा गेला. म्हणून सांगतो, हौस आहे ना, मग पहिल्या दिवसापासून कुणा कारागिराच्या समोर उभे राहा. चुकीची सवय लाकडापेक्षा चिवट असते. पण शेटचा हात मुळात चांगला होता. सवयी सुटल्या आणि पटाशी लाकडावरून अशी चालू लागली की मला लोभ सुटला. माझे हात थरथरायला लागले होते, मुलं पुण्याला कारखान्यात. चाडं आपल्याबरोबर मातीत जाऊ नये, एवढी एकच आस उरली होती. ती मी त्यांच्यावर टाकली.

त्यांनी बाभळीचं चाडं कातलं. मी आतून अंगठा फिरवला. उतार हवा तसाच लागला. डोळे भरून आले माझे, खोटं कशाला बोलू.

"दिसायले बरं हाये," मी म्हणालो. "बाकी शेत सांगन."

पण कोणतं शेत? आम्ही दोघं तिफण शोधत गावभर फिरलो. एक सापडली, गोठ्यावर टाकलेली, वाळवीनं पोखरलेली. बैल तर तिच्याही आधी विकलेले. पेरणीत जिची मूठ नावाजलेली होती ती म्हातारी अंथरुणाला खिळलेली, तिच्या बरोबरीच्या गेलेल्या.

शेवटी अंगणातच मांडलं. शेटनी ठिबकच्या नळ्या कापून भोकांना जोडल्या. दुकानातून आणलेली ज्वारी मी बायकोच्या हातात दिली.

"अहो, म्या कधी पेरलं?" ती म्हणाली. तरी मूठ सोडली. एका नळीखाली ढीग पडला, उरलेल्या दोन्हींखाली चिमूटभर. पुन्हा सोडली, तर ढीग दुसऱ्याच नळीखाली. तिसऱ्यांदा भलतंच. कोंबड्या धावून आल्या.

बायकोनं हात झटकले. "माही मूठ वाकडी का चाडं वाकडं, मले काय समजते?"

शेट उकिडवे बसून त्या दाण्यांकडं पाहत होते.

"चाचा," ते म्हणाले, "जमलं का नाही, तेवढं सांगा."

मी चाडं उचललं, उजेडाला धरलं, पुन्हा अंगठा फिरवला. अब्बा असते तरी त्यांनीही एवढंच केलं असतं आणि चहाची वाट पाहिली असती.

"मले नाही सांगता येत, शेट," मी म्हणालो. "आता कोणालेच नाही सांगता येत."