तळ्याकाठी थांबणे

माझ्या जुन्या वहीत सोळा नोंदी आहेत. चौदावी अशी: ‘तळ्याकाठी थांबणे. वेळ वाया.’ तिच्यावर दोन आडव्या रेघा आहेत.

१९९९ साली मी बी.एड. करून नोकरीची वाट पाहत केशोरीला घरीच होते. दादाने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. त्यातली एक कॅसेट वहिनीने आणि मी मिळून पार संपवली. सरळ रस्ता, उजवीकडे चालत राहायचं, शेवटी राक्षस. मग दादाने गोंदियाहून तिचा दुसरा भाग आणला. दुकानदार म्हणाला होता, “पहलेवाले से बहुत बड़ा है.”

मोठा होताच. रस्त्याऐवजी अख्खा मुलूख होता. गावं, जंगल, दिवस आणि रात्र. पण दर थोड्या वेळाने खेळ थांबवून ‘रात्र झाली’ अशी पाटी यायची. गावातली माणसं चक्क खोटं बोलायची. तळ्याजवळच्या म्हाताऱ्याचं इंग्रजी इतकं मोडकं, की ‘संध्याकाळ पाण्याकडे’ एवढाच अर्थ लागायचा. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करायचं तर बंद करताना पडद्यावरचा लांबलचक कोड उतरवून घ्यावा लागे. मी त्यासाठी एक वही केली, कोण काय म्हणालं ते लिहिलं, खोटं ठरलं की काट मारली.

वहिनी चिचगडकडची, जंगलपट्ट्यातली. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती प्रत्येक माणसापाशी थांबायची.

“काय म्हणून राहिला हा?”

“काही नाही. चल पुढे.”

“काऊन घाई करून राहिल्या बाई? लाइन जायला अजून टाइम आहे.”

दुपारी चारला लाइन, म्हणजे वीज, जायची आणि मी त्यावर वेळापत्रक बांधलं होतं. त्या दिवशी तळं ओलांडायचा मार्ग सापडत नव्हता. वहिनी खेळातल्या माणसाला काठावर नेऊन उभी राहिली. बटणावरून बोटं काढली.

“पाण्यावर दिवस बुडतानाच सारे येतात,” ती म्हणाली. “आपण हाललो का कोणी येत नाही.”

“हे चिचगडचं तळं नाही वहिनी. गेम आहे.”

ती थांबलीच. पडद्यावरचं आकाश लालसर व्हायला लागलं होतं. घड्याळात पावणेचार, लाइन जायला पंधराच मिनिटं. मी वाकून रिसेट दाबलं. कोड वहीत होता, म्हणून मला त्यात काही मोठं वाटलं नाही.

वहिनीने खेळाचा रिमोट खाली ठेवला. “तुम्हीच खेळा बाई. तुमाले सारं माहीत आहे.” त्यानंतर तिने त्याला हात लावला नाही. माझ्याशी बोलायची, हसायची, सगळं नीट. फक्त खेळली नाही. मीही चार दिवसांत कंटाळून कॅसेट पेटीत टाकली आणि वहीत लिहिलं, ‘गेम बेकार.’

२०१४च्या थंडीत घराचं छप्पर बदलायचं होतं. सामान लावायला मला माहेरी बोलावलं, कारण याद्या माझ्याकडेच असतात. पेटीत मशीन निघालं, वहीसुद्धा. जोडलं तर चाललं. कोड टाकून मी त्याच तळ्यावर पोचले आणि तिथेच अडकले. शेवटी रिमोट बाजूला ठेवून लाखोरीची पालेभाजी निवडायला घेतली. मला रिकामं बसता येत नाही. नाहीतर मी थांबलेच नसते.

अर्धी भाजी झाली तेव्हा पडदा लाल झाला होता. धुक्यातून एक नाव काठाला लागली.

गेम सदोष होता, हे मी आजही म्हणते. थांबायचं आहे, हे त्याने धड सांगितलं नाही. पण वहिनीने तर धड सांगितलं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. “वहिनी, नाव आली.”

“कोणती नाव?”

“तळ्यावरची. तू म्हणत होतीस तशीच. मी उगाच रिसेट दाबलं होतं.”

तिने भाताखालचा गॅस बारीक केला. “पंधरा वर्षांनी आली? आमच्या एस.टी.पेक्षा बरी म्हणायची.” हात पुसत ती बाहेर आली, पडद्याकडे पाहत उभी राहिली. मी रिमोट पुढे केला. तिने घेतला नाही.

“मधातून नाही. पहिल्यापासून लावा.”

“अगं, पण नाव उभी आहे…”

“राहू द्या. आणि ती वही ठेवा तिकडं.”

मी वाकून रिसेट दाबलं. तिने रिमोट घेतला, पहिल्याच गावात शिरली आणि पहिल्याच माणसापाशी थांबली.

“काय म्हणून राहिला हा?”

मी वाचून सांगितलं. सगळं.