घंटेला बांधलेलं फडकं

नाशकात शरणपूर रस्त्यावर, चर्चच्या अगदी फाटकासमोर दुकान थाटायची बुद्धी सावळीराम तांबटाला कुठून झाली, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तांबट आळीत भावांशी बिनसलं आणि त्यानं तिरमिरीत ही जागा घेतली. पुढे ऐसपैस ओटा, मागे दोन खोल्या, भट्टीला मोकळं अंगण. भावांनी हसत हसत बजावलं होतं, "अरे, समोर घंटा आहे." तर हा म्हणाला, "दिवसभर तांबं बडवणाऱ्याला घंटेचं काय भय घालता?" ते बोलणं आता अकरा वर्षं त्याच्या अंगाशी येत होतं.

फायदे नव्हते असं नाही हं. चर्चमध्ये लग्न लागून वऱ्हाड बाहेर पडलं, की समोर चकचकीत घंगाळं दिसायची आणि नवरीची मावशी हमखास रस्ता ओलांडून यायची. जिकडेतिकडे जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, स्वस्त भांडी बोकाळली होती, पण हे गिऱ्हाईक तांब्याला धरून होतं. घरात घड्याळ नव्हतं, तरी घंटेमुळे बायकोचं, कुसाबाईचं, कधी काही अडलं नाही. पण हे कबूल करेल तो सावळीराम कसला! टांग्यांची घोडी नेमकी याच्याच ओट्यापुढे लीद टाकणार. उपासनेला आलेली माणसं याच्याच ओट्यावर पानाची पिंक टाकणार. आणि वर आपलीच बायको भाकरी थापताना त्यांची भजनं गुणगुणणार!

"अगं, आपल्यात गाणी काय कमी आहेत का?" तो ओरडायचा.

"चाल गोड आहे हो," म्हणून ती पुढचं कडवं धरायची.

खरं दुखणं रविवारचं. उपासनेच्या वेळी ठोकाठोकी करायची नाही, असं पाद्रीसाहेबांशी ठरलेलं. म्हणून सावळीरामनं आठवड्याची भांडी वाजवून बघायचं काम रविवारी सकाळी ठेवलं. तांबट सांधा कानानं पारखतो. बोटाच्या पेरानं टिचकी मारली, की पक्का सांधा खणखणतो, कच्चा बद्द वाजतो. आणि नेमकी त्याच वेळी ती घंटा! चर्चचा सेवक पुंजाजी दोरीला हात घालताना दिसला, की सावळीराम दोन्ही तळवे कानांवर गच्च दाबून बसायचा, ते पुंजाजीनं दोरी सोडल्यावरच काढायचा. "झालं यांचं? आता दिवसभर माझ्या कानात गुणगुण," असं म्हणत चडफडायचा.

यंदा मात्र नुसतं चडफडून भागेना. शिमग्याच्या आधी घोटीहून त्याचे दोन हंडे गळके म्हणून परत आले. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यातच चांदवडचे कांद्याचे व्यापारी खंडेराव मुलीच्या लग्नासाठी नऊ हंडे सांगून गेले होते आणि जाताना बजावून गेले होते, "घोटीचं कानावर आलंय आमच्या. एक जरी गळका निघाला, तर चांदवडात तुमचं नाव कुणी काढणार नाही."

सावळीरामला वेगळीच भीती होती, आणि ती त्यानं कुणाला बोलून दाखवली नव्हती. त्याचे वडील पन्नाशीत ठार बहिरे झाले. बहिऱ्या तांबटाला कोण विचारतो? उरलेली बारा वर्षं ते थोरल्या मुलाच्या दुकानात भाता ओढत बसले. सावळीरामला आता एकोणपन्नासावं लागलं होतं. हल्ली कुसाबाई एकच गोष्ट तीनदा सांगायची, आणि तिसऱ्यांदा ओरडून.

"ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?" तो खेकसायचा. "त्या मेल्या घंटेनं कान बसलेत, दुसरं काही नाही."

शनिवारी संध्याकाळी तो तडक पुंजाजीकडे गेला.

"उद्या एक दिवस घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळ. नऊ हंडे वाजवून बघायचेत मला."

"सावळीरामभाऊ, देवाच्या घंटेला फडकं?"

"मग माझ्या तोंडाला गुंडाळ आणि ने मला उचलून!"

पुंजाजी भला माणूस. "पाद्रीसाहेबांना विचारतो," तो म्हणाला, "बघू काय जमतंय."

रविवारी पुंजाजीनं दोरी धरली. सावळीरामचे तळवे सवयीनं कानाकडे गेले, पण त्यानं ते मांडीवर आणले. फडकं बांधलंय का बघू, म्हणून पहिल्यांदाच उघड्या कानांनी बसला. आणि काय आश्चर्य! पुंजाजी दोरी ओढत होता आणि घंटा अशी वाजत होती, जशी गोदावरीच्या पलीकडे कुणी वाजवावी. सावळीरामचा जीव भांड्यात पडला. अकरा वर्षांत हे आधी कसं सुचलं नाही! त्यानं एकेक हंडा वाजवला. मधेच कुसाबाई दारात येऊन काहीतरी म्हणाली, तर त्यानं हातानंच तिला गप्प केलं. नऊच्या नऊ हंडे त्यानं पास केले.

उपासना सुटल्यावर तो एक छानसा तांब्या घेऊन पुंजाजीकडे गेला. "घे. माणूस आहेस खरा. फडकं बांधलंस ते."

पुंजाजी ओशाळला. जवळ येऊन मोठ्यानं म्हणाला, "कुठलं फडकं, भाऊ? साहेब नको म्हणाले. आज झावळ्यांचा सण, उलट दोन्ही हातांनी ओढली मी. तुम्ही कानांवर हात न ठेवता बसलात, मला वाटलं, राग गेला तुमचा."

सावळीरामनं मान वर केली. लोलक उघडा होता. उन्हात लख्ख दिसत होता. तांब्या पुंजाजीच्या हातात तसाच ठेवून तो रस्ता ओलांडून आला आणि ओट्यावर बसला. त्याला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही संताप येत होता.

कुसाबाई बाहेर आली.

"सकाळी काय म्हणत होतीस?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"खरं सांग."

ती त्याच्यासमोर बसली. तीही तांबटाचीच लेक. "तिसरा आणि सातवा बद्द वाजले," ती म्हणाली. "घोटीचे हंडेही तसेच वाजले होते. पण तुम्हाला सांगायचं कुणी?"

त्याला अर्धंच ऐकू आलं, पण तिच्या ओठांवरून सगळं कळलं. मग त्यानं तिसरा हंडा पुढ्यात ओढला, टिचकी मारली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

"मोठ्यानं सांग."

"बद्द!" कुसाबाई ओरडली, आणि चर्चमधून परतणाऱ्या बाया वळून बघायला लागल्या.

सावळीराम खेकसला नाही. त्यानं सांध्यावर खडूनं खूण केली आणि चौथा हंडा ओढला.

"आणि हा?"