हत्यारं पूजेत होती

मी हसलो होतो, हे आधी सांगून टाकतो. पोलीस खात्यात असताना माझ्या हातून लहानमोठ्या चुका झाल्या, काहींची चौकशीही झाली. या चुकीची मात्र कुठेच नोंद नाही, कारण आरोपीच्या जबाबावर हसू नये असा नियम खात्यात नाही.

मी तेव्हा बारामती तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नवरात्राच्या सुमारास पणदऱ्याच्या शिवारात विहिरींवरच्या मोटारींच्या केबल चोरीला जाऊ लागल्या. केबल जाळून तांबं काढायचं आणि भंगारात विकायचं, ही चोरांची जुनी पद्धत. ऊस उभा, वीज येणार ठरावीक वेळेला, आणि नेमकी केबल गायब. शेतकरी ठाण्यात येऊन तावातावाने बोलायचे. खंडेनवमीला संध्याकाळी एकाच रांगेतल्या विहिरींच्या केबल साफ झाल्या, तेव्हा वरिष्ठांचाही फोन आला.

आमचा एक जुना खबऱ्या होता. जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देण्याचं त्याचं दुकान होतं. कुणाची मोटार जळाली, कोण गावाला गेलं, त्याला सगळं ठाऊक असे. त्याच्या माहितीवर मी आधी दोन गुन्हे उघड केले होते. दसरा झाल्यावर तो चहाच्या निमित्ताने आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, पिंपळीचा तो नवा लायटिंगवाला हाय न्हवं, खंडेनवमीला दिवस मावळताना त्या विहिरींपाशी दिसला मला. खांद्यावर वायरचं वेटोळं हुतं."

या लायटिंगवाल्याला मी ओळखत नव्हतो. चौकशी केली. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडी बागायत. हा काही वर्षं एका मंडपवाल्याकडे मजुरी करत होता. त्या वर्षी नवरा-बायकोने मिळून स्वतःचा धंदा सुरू केला होता: गणपती, नवरात्र, दिवाळी, तुळशीच्या लग्नापर्यंतचा हंगाम. बारामतीतल्या बंगल्यांना माळा लावायच्या, मंडळांच्या कमानी उजळायच्या. हंगाम संपला की पुन्हा भाजीपाला. त्या गावात असा धंदा आधी कुणी केलेला नव्हता, म्हणून त्याच्याबद्दल लोक जरा तोंड वाकडं करूनच बोलायचे.

झडती घेतली. पत्र्याच्या शेडमध्ये माळांचे ढीग, आकडा लावलेले बांबू, शिड्या. कोपऱ्यात मोटारीच्या जुन्या केबलचं एक वेटोळं. "माझ्याच विहिरीची हाय साहेब, मेन लाइनला वापरतो," तो म्हणाला. पावती नव्हती. स्वतःच्या विहिरीच्या जुन्या केबलची पावती कोण ठेवतं? पण तेव्हा मला ते सुचलं नाही. केबल, पक्कड, टेस्टर, सगळं पंचनामा करून जप्त केलं आणि त्याला अटक केली.

चौकशीत मी हात उचलला नाही. खंडेनवमीच्या संध्याकाळी कुठे होतास, एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं. इंदापूरच्या एका मंडळात होतो, म्हणाला. तिथे काय करत होतास? बसलो होतो. त्या मंडळाची लायटिंग तुझीच ना? मग नुसता का बसलास? तो मान खाली घालून म्हणाला, "हत्यारं पूजेत हुती साहेब. त्या दिवशी आमी हात लावत न्हाय."

मी हसलो. नुसता हसून थांबलो असतो तर बरं. मी म्हणालो, "वा! आता चोरसुद्धा सण बघून सुट्टी घ्यायला लागले." खोलीतले सगळे हसले. ठाणे अंमलदाराने ते बाहेर सांगितलं, बाहेरच्यांनी चहाच्या टपरीवर नेलं. दोन दिवसांत ते वाक्य बारामतीच्या बाजारात फिरत होतं. कुणी काम टाळलं की लोक म्हणू लागले, याची हत्यारं पूजेत आहेत.

त्याची बायको ठाण्यात आली. रडली नाही. माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "त्यास्नी ठेवा पायजे तर. पक्कड तेवढी द्या. दिवाळीची कामं घेतल्यात आमी."

जप्त मुद्देमाल असा देता येत नाही, असं मी सांगितलं. तिने विचारलं, मग कधी देणार. न्यायालय सांगेल तेव्हा. ती बरं म्हणून निघून गेली. नंतर कळलं की तिने कुणाची तरी पक्कड मागून आणली आणि बारामतीच्या बंगल्यांवर स्वतः शिडी लावून माळा बांधायला सुरुवात केली. काहींनी तिला फाटकातूनच परत पाठवलं. चोराच्या घरचा माणूस गच्चीवर नको, इतकं साधं कारण. ती पुढच्या फाटकाकडे जायची.

दिवाळीच्या आधी ठाण्यातली शस्त्रं साफ करायला काढली होती. हवालदार बंदुकीला तेल देताना कुरकुरत होता, "साहेब, दसऱ्याचं कुंकू तेलात असं बसलंय की ब्रशनंबी निघंना." आम्हीही दसऱ्याला शस्त्रपूजन करतोच. मी स्वतः त्या बंदुकांना कुंकू लावलं होतं, आणि ज्या माणसाने तसंच केलं, त्याला हसलो होतो.

मी मुद्देमालाची खोली उघडायला लावली. विहिरीवर तुटून राहिलेला केबलचा तुकडा आम्ही जमा केला होता. कापल्या टोकाला, चिकट ग्रीसमध्ये, लाल ठिपका होता. पंचनाम्यात तो आला होता. आम्ही गंज समजून लिहिला होता. बोटाने चोळला तर कुंकू. म्हणजे चोरीचं हत्यार नुकतंच पूजेतून उचललेलं होतं. लायटिंगवाल्याच्या पकडीवरही कुंकू होतं, त्यामुळे एवढ्याने तो सुटत नव्हता. पण त्याचं ते एक वाक्य मी तपासलंच नव्हतं. इंदापूरला एक माणूस पाठवायचा होता, एवढंच. मी पाठवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः गेलो. मंडळाचे अध्यक्ष मार्केटात आडतीवर भेटले. लायटिंगवाल्याचं नाव काढताच त्यांचा पारा चढला. खंडेनवमीला आरतीच्या आधी अर्धी कमान बंद पडली. फोन केल्यावर हा आला, पण रिकाम्या हाताने. आमची पक्कड देतो, जोड, म्हटलं तरी हात लावेना. पुजाऱ्याने सांगितलं, मंडळाच्या पोरांनी शिव्या घातल्या, तरी नाही. देवीसमोर मांडी घालून बसला आणि उद्या दसऱ्याला पूजा उतरली की पहिलं काम तुमचं, एवढंच म्हणत राहिला. "कधीपासून कधीपर्यंत होता?" मी विचारलं. "दिवेलागणीच्या आधीपासनं, साहेब. सगळी पांगली तरी हा हितंच. पुढच्या वर्षी त्याला काम देत न्हाय आमी."

दिवस मावळताना तो पणदऱ्याला होता, असं खबऱ्याने सांगितलं होतं. त्या वेळी हा इंदापूरला शिव्या खात बसला होता.

मी खबऱ्याला हत्यारांची पेटी घेऊन ठाण्यात बोलावलं. ठाण्यातली पाण्याची मोटार बिघडली असेल असं समजून तो आला. पेटीत केबल कापायचा मोठा कटर होता. पाती उघडली तर सांध्यात तेलात मुरलेलं कुंकू. ते मी त्याच्यापुढे धरलं आणि लायटिंगवाला त्या संध्याकाळी इंदापूरला होता, एवढंच सांगितलं. तो बराच वेळ उडवाउडवी करत राहिला, मग कबूल झाला. कुणाच्या विहिरीवर राखण नाही हे त्याला दुरुस्तीच्या निमित्ताने कळत असे. पूजा त्यानेही केली होती. इंदापूरच्या भंगारवाल्याची गाडी त्याच संध्याकाळी येणार होती म्हणून कटर उचलला. भंगारवाल्याकडे तांबं मिळालं, पुढचा तपास सोपा झाला.

त्या लायटिंगवाल्याचंच नाव का घेतलंस, असं मी त्याला विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं. "कुणालाबी पटंल असं नाव पायजे हुतं. तुमाला पटलं की."

न्यायालयात अहवाल दिला. वसुबारसेच्या आधी लायटिंगवाला सुटला. मुद्देमाल परत देताना नवरा-बायको दोघं आली होती. मी नोंदवही पुढे सरकवली आणि म्हणालो, "इथे सही करा." त्याने सही केली. बायकोने पक्कड उचलली, पदराने पुसली आणि पिशवीत टाकली. आणखी काही बोलायला मला जागा होती, वेळही होता. मी बोललो नाही. अधिकाऱ्याने माफी मागितली की धाक जातो, असं मला वाटायचं.

पुढे माझी बदली झाली. तपास म्हणजे संशयिताचं म्हणणं खोटं पाडणं नव्हे, ते आधी पडताळून बघणं, हे मी नव्या उपनिरीक्षकांना सांगत असे. माणूस काहीतरी विचित्र सांगतो तेव्हा आपण जास्त सावध व्हायला हवं. खोटं बोलणारा सहसा पटण्यासारखंच बोलतो. हे कुठे शिकलो, ते मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी बारामतीत घर बांधलं. पहिल्याच वर्षी गणपतीत शेजाऱ्याला विचारलं, दिवाळीला लायटिंग कोणाकडून करून घेऊ. त्याने त्याच जोडप्याचं नाव घेतलं, काम चांगलं म्हणाला, आणि हसत पुढे जोडलं, "फक्त त्यांची हत्यारं पूजेत नसली पाहिजेत." ते वाक्य कुठून आलं हे त्याला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या दोघांनी धंदा उभा केला होता, माणसं कामाला ठेवली होती, इंदापूरचं मंडळही परत मिळवलं होतं. माझं हसणं मात्र त्यांच्या नावाला अजून चिकटलेलं होतं.

खंडेनवमीला मी पिंपळीला गेलो. पत्र्याच्या शेडच्या जागी मोठं गोदाम झालं होतं. सतरंजीवर शिड्या, पकडी, टेस्टर मांडले होते, त्यांवर झेंडूची फुलं. कामगार, गिऱ्हाईकं, गावातली माणसं प्रसादाला जमली होती. बाईंनी मला लगेच ओळखलं. "साहेबांचं काय काम हाय आज?" त्या म्हणाल्या. "आज पक्कड मिळायची न्हाय."

आजूबाजूचे हसले. लायटिंगवाला मात्र हसला नाही. मी चपला काढून त्या मांडलेल्या हत्यारांसमोर, त्याच्यापुढे उभा राहिलो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"लोक ज्या गोष्टीवरून यांची थट्टा करतात, ती थट्टा मी सुरू केली. मी त्या वेळी इथला पोलीस अधिकारी होतो. यांनी मला खरं सांगितलं होतं आणि मी ते न तपासता हसलो. चोर दुसराच निघाला, तेव्हाही मी यांच्याकडून नुसती सही घेतली. त्या दिवशी यांची हत्यारं खरंच पूजेत होती. तुम्हा दोघांची मी माफी मागतो."