शेंदराचा आळ

सत्तरच्या दशकातलं ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. मी सोलापुरात फौजदार होतो आणि भवानी पेठ माझ्या हद्दीत होती. एका सकाळी एक म्हातारी ठाण्यात आली. तिची लेक वारली होती, जावयाने दुसरं लग्न केलं होतं आणि पाच वर्षांच्या नातीचा आवाज बसत चालला होता. सावत्र आईने पोरीला शेंदूर चारला, असा तिचा आरोप. शेंदराने आवाज जातो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

जावयाच्या घराच्या झडतीत देवळीत शेंदराची पुडी सापडली. पंचनामा झाला. शेंदूर नाही असं एक घर त्या गल्लीत कुणी दाखवावं, पण जमलेल्या लोकांना तेवढं पुरेसं होतं.

सावत्र आई जेमतेम विशीतली. मी तिला चांगलंच खडसावलं. ती रडली नाही.

"सायेब, मला आत टाका, पण आदी पोरीला दवाखान्यात न्या की. तिला लई धाप लागती. मी उशाला बसून असती."

गुन्हेगाराला स्वतःच्या सुटकेची घाई असते. हिला पोरीची होती. मी जीप काढायला सांगितली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर चामखिळींचे घोस होते. शेंदराचा संबंधच नव्हता. बाळंतपणात आईच्या जननमार्गात चामखिळी असतील, तर जन्मतानाच त्या बाळाला लागू शकतात, असं ते म्हणाले.

म्हातारीला नर्सजवळ बसवून मी विचारलं, लेकीला बाळंतपणात तशा चामखिळी होत्या का. ती पदराचं टोक पिळू लागली.

"व्हत्या. लाजंपायी कुणाला सांगितलं न्हाई," ती म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "म्हंजे माझी लेक वाईट चालीची व्हती व्हय?"

"नाही, आजी. नवऱ्याकडूनही हे येतं. अंगात वर्षानुवर्षं लपूनही राहतं. कुणाकडून कुणाला लागलं, हे आता कुणीच सांगू शकत नाही."

म्हातारी तेव्हा रडली. तिने तक्रार मागे घेतली. शस्त्रक्रियेच्या दिवशी वॉर्डात गेलो, तर ती त्या पोरसवदा सावत्र आईला सांगत होती, "तू पड जरा. आता मी बसती उशाला."

पुडी सापडली म्हणजे गुन्हा सापडला असं नव्हे, हे मी त्या प्रकरणात शिकलो. लाजेने दाबून ठेवलेली गोष्ट भलत्याच्याच माथी फुटते, हेही.

चामखिळी पुन्हा उगवल्या, पुन्हा काढाव्या लागल्या. पुढे एकदा शाळेवरून जाताना त्या पोरीला पाढे म्हणताना ऐकलं. आवाज घोगराच होता, पण रस्त्यापर्यंत येत होता.